हिरव्या दारांची दुकानं

रेवदंडा, २४ सप्टेंबर १९३१

कोकिळा नागावला नाही.

गौरी आणायला माहेरी जाते म्हणून गेली होती. गौरी गेल्या, गणपती गेले, तरी परतली नाही, म्हणून आज सकाळी मीच चालत गेलो. मेहुणा रघू माडाखालचं गवत कापत होता. मला एकटा बघून म्हणाला, "भावोजी, ताई कुठाय? आईनं वाट बघून बघून शेवटी धाकटीच्या हातून गौर आणली."

माझं तोंड बघून त्याने विळा खाली टाकला. ती तिथे पोचलीच नव्हती.

घरी येऊन तिची ट्रंक उघडली. दोन लुगडी नाहीत. बोटात घालायचं पितळी अंगुस्तान नाही, छोटी कात्री नाही. गौरीला जाणाऱ्या बाईला अंगुस्तान कशाला लागतं? घाईत पिशवीत पडलं असेल.

जाण्याच्या आधी आमचं भांडण झालं होतं. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तेव्हा लिहून टाकतो. जेवताना तिने विचारलं, "मशीन कुणाचं होतं?" पुन्हा पुन्हा तेच. मी हात उगारला नाही. कात्री फेकली, ती भिंतीला लागली. तिला लागली नाही.

२६ सप्टेंबर

दुपारी दुकानावरून गेलो. कुलूप गंजलं आहे. दाराचा हिरवा रंग खालून सोलून निघाला आहे, पावसाच्या झडीने.

मोरूशेटची सहा दुकानं होती. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, रोहा, तळा, पाली. सहाही ठिकाणी दारं हिरवी. त्यामुळे "मोरेश्वर वस्त्र व शिवण भांडार" असं लांबलचक नाव कुणी घेत नसे. हिरव्या दुकानात जातो म्हटलं की झालं. बोटीतून गाठोडी उतरली की त्या दिवशी गाव लोटायचं. चिटाची ठाणं, मांजरपाट, मलमल, लग्नाचे खण. नव्या कापडाच्या खळीचा वास मला आईच्या स्वयंपाकापेक्षा जास्त आवडायचा. पुढे मी बेतायला आणि कापायला, मागे पडद्याआड बायकांची खोली. तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा शेटचा नियम. कोकिळा तिथे मापं घ्यायची, शिवायची, पोरींना शिकवायची. खाडीपलीकडच्या बायका नुसत्या तिच्याशी बोलायलासुद्धा यायच्या. मशीनची खडखड आणि हसणं पडद्यातून बाहेर ऐकू यायचं. ती घरात तशी हसत नसे. दुकानात काम असतं, चार बायका असतात, म्हणून हसू येत असावं.

मग परदेशी कापडावर बहिष्कार आला, आमच्याही दारासमोर मुलं येऊन बसली. त्यातच शेट वारले. त्यांच्या मुलांचं सगळं लक्ष मुंबईत. होळीनंतर एकेक करून सहाही दारं लागली.

शेट जाताना सांगून गेले होते की जिच्या हातचं मशीन तिला द्यावं. सहाही दुकानांतल्या बायकांना आपापली हातमशिनं मिळाली. आम्हा पुरुषांना काही नाही. ते योग्यच, आम्ही पगार घेतला होता. बायकांनीही घेतला होता, हेही खरं.

२९ सप्टेंबर

मशीनचं लिहायचं राहिलं.

दुकान मिटल्यावर कोकिळेने ओटीवर मशीन मांडलं. कोळीवाड्यातल्या बायका येऊ लागल्या. बाजारात लोक मला बघून म्हणायचे, "काय मास्तर, आता घरी आरामच?" मी दिवसभर ओटीच्या पायरीवर बसायचो, तर बायका मला ओलांडून जायच्या. श्रावणात अलिबागच्या अंबाजी शिंप्याने सांगितलं, मशीन दे, दिवाळीनंतर तुला माझ्याकडे कापायला घेतो. घराच्या भल्यासाठीच केलं. ती विहिरीवर गेली असताना त्याचा माणूस येऊन मशीन घेऊन गेला. ती आली, ओटीवरची रिकामी जागा बघितली, कळशी उतरवून ठेवली आणि भात टाकला. एक शब्द बोलली नाही, तेव्हा मला वाटलं, पटलं.

आज बंदरावर सोनूबाईला विचारलं. तिच्या नवऱ्याचा मचवा खाडीत चालतो, कोण आलं-गेलं तिला ठाऊक असतं. ती टोपलीत मासळी लावत होती.

"कोकिळेला कुठे जाताना पाहिलंस का?"

"न्हाय बा," ती म्हणाली. मान वर केली नाही. "मास्तर, मशीन कुठं हाय वो तुमचं?"

"ते गेलं."

"गेलं का," म्हणाली, आणि टोपली उचलून चालू लागली.

या लोकांना दुसऱ्याच्या दुःखाचं काही नसतं.

६ ऑक्टोबर, मुरूड

काशीदच्या किनाऱ्यावर एका बाईचं प्रेत लागलं, असं साळावच्या तरीवर ऐकलं. तसाच पुढे निघालो. कोर्लई, बोर्ली कधी मागे पडली कळलं नाही. वाटेत एका जागी बसलो, पाय चालेनात म्हणून. नंतर वाटलं, बसून राहिलो तर ती तिथे एकटी.

सुरूच्या झाडाखाली झाकून ठेवली होती. तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. पाटील म्हणाला, "बघा, तुमची हाय का." मी वाकून चोळी बघितली. हाताने घातलेले टाके, लांब लांब, बाही ओढून बसवलेली. कोकिळा असं कधी शिवणार नाही.

"नाही! ही नाही! ही माझी नाही!" मी मोठ्याने ओरडलो आणि हसलो. खरंच हसलो. पाटील माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने पुन्हा तिच्यावर कांबळं ओढलं, आणि मला आठवलं की तीही कुणाची तरी असणार.

पाटलाला हात जोडून निघालो.

मुरूड जवळ होतं, म्हणून चंद्राबाईकडे आलो. आमच्या मुरूडच्या दुकानातली ही शिवणाची बाई. विधवा, भावाकडे राहते. दुकानाच्या जागी आता सोड्याच्या बाटल्या आहेत, दार निळं केलं आहे. चंद्राबाईने हातपाय धुवायला पाणी दिलं, तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ वाढली. काशीदचं सांगितलं तेव्हा तिने तोंडावर पदर धरला. "अगं बाई, भावोजी, तुम्हाला ते बघावं लागलं," एवढंच म्हणाली. त्यानंतर मी कोकिळेबद्दल बोलत राहिलो आणि ती चुलीकडे बघत राहिली. कुठे शोधलं, कुणाला विचारलं, कधी गेली, एकदाही तिने विचारलं नाही. दुकानात असताना दोघी बहिणींसारख्या होत्या. माणसं किती लवकर कोरडी होतात.

तिची भाची समोर खेळत होती. अंगात पोलकं. काजाच्या टोकाला एक उलटा टाका होता. असा टाका फक्त कोकिळा घालते, काज फाटू नये म्हणून. दुकान चालू असताना शिवलेलं असणार. पोर केवढी वाढली, तरी अंगाला नेमकं बसतं आहे. मीच कापलं असेन.

२१ ऑक्टोबर, रेवदंडा

काल दसरा. दरवर्षी मापाचा गज आणि कात्र्या पूजेला मांडायचो. काल कात्री हातात घेतली आणि परत ठेवून दिली.

घरात चूल पेटत नाही. चुरमुऱ्यावर भागवतो. रघू येऊन गेला. तो आता मला भावोजी म्हणत नाही, नुसतं "अहो" म्हणतो.

१० नोव्हेंबर

दिवाळी. शेजारी पोरं टिकल्या फोडत आहेत.

काल सूर्य बुडताना किल्ल्याच्या भिंतीमागे गेलो होतो, जिथे लाटा थेट दगडावर येतात. काय करायला गेलो होतो ते लिहीत नाही. गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं. ओढ जोराची होती, पायाखालची वाळू सरकत होती, आणि मला बरं वाटत होतं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा काही ठरवावं लागत नव्हतं.

"मास्तर! कुठं चालले तुमी?"

सोनूबाई. कालवं काढायला आली असावी, हातात कोयती होती. ती तशीच पाण्यात शिरली आणि माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हाताला केवढं बळ.

"सोड मला. ती गेली, आता मी कशाला राहू?"

"गेली म्हंजे? मेली न्हाय ती! जित्ती हाय, दोन हातांनी कमवून खाती हाय." मग एकदम थांबली. "असंल, असं म्हंते मी. तशीच बाई ती."

कोळणीचा अंदाज. पण इतक्या ठामपणे म्हणाली की पाय मागे वळले. घराच्या दारापर्यंत ती माझ्या मागे चालत आली. दारात म्हणाली, "परत तिकडं गेलाव तर माज्या धन्याला सांगून खाटंला बांधून घालीन." आणि आज सकाळी पानाने झाकून भात आणि बोंबलाचं कालवण ओटीवर ठेवलेलं होतं. खाल्लं.

३ डिसेंबर, रोहा

अंबाजीचा निरोप आला होता की दिवाळी झाली, कामावर ये. गेलो नाही. मचव्याने खाडीतून रोह्याला आलो. मुरूड झालं, अलिबागची बाई मुंबईला गेली, तळ्याची आणि पालीची आपापल्या माहेरी गेल्या असं ऐकलं, उरली रोह्याची नीराबाई.

रोह्याचं हिरवं दार अजून बंद आहे. पायरीवर कुत्री झोपली होती. नीराबाई मागच्या आळीत राहते. दुकानात होती तेव्हाही तोंडाने फटकळ, शेटसुद्धा तिच्यापुढे जरा जपून बोलायचे. मी सगळं सांगितलं. ती सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत ऐकत होती.

"मास्तर, इतके दिवस तुम्ही ती कुठं गेली हे गावोगाव विचारत फिरलात. का गेली, हे विचारलंत कुणाला?"

"भांडण झालं होतं."

"कशावरून?"

"मशीनवरून."

"मग आधी मशीन शोधा. ते कुठं आहे हे तरी ठाऊक आहे तुम्हाला."

मी म्हणालो, बायको हरवलेल्या माणसाशी असं तिरकस बोलू नये. ती म्हणाली, "मी सरळच बोलले. तुम्हाला तिरकं ऐकू आलं."

५ डिसेंबर, मचव्यात

भरती मिळेना म्हणून मचवा नांगरून बसलो आहोत. मागचंच आठवतं, दुसरं काही डोक्यात येत नाही.

शेट दरवर्षी माघात सगळ्यांना पालीला न्यायचे, बल्लाळेश्वराच्या उत्सवाला. सहा दुकानांची माणसं. पुरुषांची गाडी पुढे, बायकांची मागे. मागच्या गाडीतून हसण्याचे लोट यायचे. आम्ही म्हणायचो, काय एवढं असतं यांचं? एकदा मी कोकिळेला विचारलं होतं. ती म्हणाली, "काही नाही, मशीन शिकताना कुणाच्या बोटातून सुई गेली ते सांगत होतो." त्यात हसण्यासारखं काय, मला कळलं नव्हतं. तिच्या बोटात सुई गेली होती, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं.

९ डिसेंबर, अलिबाग

अंबाजीला म्हणालो, जागा नको, मशीन परत दे. तो हसला. म्हणाला, मशीन सुनेच्या हाताखाली आहे, लग्नसराई तोंडावर आली आहे. मी म्हणालो, लग्नसराईचं कापणं मी करतो, पगार देऊ नकोस, शेवटी मशीन दे. त्याने विचार केला आणि हो म्हणाला. वर म्हणाला, "बायकोच्या मशीनसाठी राबणारा पहिलाच पुरुष बघतोय." दुकानातले सगळे हसले. मी कापड पसरलं.

१८ डिसेंबर

पाठ मोडते. इथे मला मास्तर कोणी म्हणत नाही, "ए रेवदंडा" म्हणतात. जेवणाच्या वेळी अंबाजीच्या घरातल्या बायका मला ओलांडून आतबाहेर करतात. ओटीची आठवण झाली. तेव्हा मला राग का आला होता हे आता नीट सांगता येत नाही.

७ जानेवारी १९३२

अंबाजीची सून माझ्यासमोरच मशीन चालवते. हिसके देऊन मूठ फिरवते. आज न राहवून म्हणालो, "हळू, ते कोकिळेचं आहे." ती म्हणाली, "मग तिच्याकडे का नाही?"

त्यानंतर एक सदरा उलटा कापला. अंबाजीने सगळ्यांसमोर शिवी दिली. ऐकून घेतली.

२३ जानेवारी

ती मेली असेल तर मी हे मशीन कुणासाठी सोडवतो आहे? सोनूबाईचा अंदाज, नीराबाईचा टोमणा, याच्यापलीकडे माझ्या हाती काय आहे? आज वाटलं, परत किल्ल्यामागे जावं. मग वाटलं, कबूल केलेले सदरे राहतील आणि अंबाजी मशीन देणार नाही. एवढ्यावरच आजचा दिवस निघाला.

११ फेब्रुवारी, रोहा

मशीन मिळालं. लाकडी टोपणासकट. काल पालीला उत्सव झाला असेल, यंदा आमच्या गाड्या नव्हत्या.

मशीन डोक्यावर घेऊन नीराबाईच्या दारात उभा राहिलो. तिने टोपण काढून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही फार वाळलात, मास्तर."

"हे घ्या. ती कधी आली तर तिला द्या. मी आता शोधत नाही. शोधून मिळत नाही."

मी पायऱ्या उतरलो तेव्हा मागून म्हणाली, "तळ्याला न्या."

"तळ्याला कोण आहे?"

"मशीन ओट्यावर ठेवायचं. ती म्हणेल तेवढंच बोलायचं. ती जा म्हणाली की जायचं. एवढं जमणार असेल तरच न्या. जमणार नसेल तर इथंच ठेवा, मी पोचवीन."

मी पायरीवर बसलो. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. सोनूबाईला ठाऊक होतं, तिच्याच मचव्यातून कोकिळा गेली असणार. मुरूडची भाकरी आठवली, आणि ते पोलकं आठवलं. पोर वाढली तरी अंगाला नेमकं बसलेलं.

मला वाटलं होतं, राग येईल. आला नाही. जिवंत आहे, जिवंत आहे, एवढंच मी म्हणत होतो. नीराबाईने पाणी आणून दिलं.

१३ फेब्रुवारी, तळ्याहून परतताना

बैलगाडीने गेलो. गाडीवान बोलका होता, मी काही ऐकलं नाही.

तळ्याचं दुकान उघडं होतं. दाराला ताजा हिरवा रंग. आतून मशीनची खडखड, आणि तेच हसणं. मी खाली उभा राहून ऐकत होतो. दुकान मिटल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. आत शिरावंसं वाटेना, कारण मी शिरलो की ते थांबणार.

चंद्राबाईच बाहेर आली, म्हणजे खडखड तिच्या मशीनची होती. मला बघून दचकली, मग आत वळून म्हणाली, "कोकिळा."

ती दारात आली. अंगाने भरली आहे, गळ्यात फीत. मला बघताच एक पाऊल मागे सरली आणि तिचा हात कानाकडे गेला. आधी मला वाटलं, केस सावरते आहे. मग समजलं. कात्री तिकडून गेली होती. भिंतीला लागली, तिला लागली नाही, असं मी तेव्हा लिहून ठेवलं.

"मशीन आणलं," मी म्हणालो.

"ओट्यावर ठेवा."

ठेवलं, आणि खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. तेव्हा ती पुढे आली. टोपण काढलं, मूठ फिरवली. "सैल झालीय. कुणी जड हातानं चालवलंय."

"घट्ट करून देऊ?"

"नको. मला येतं."

नीराबाईने सांगितलं होतं तेवढंच बोलायचं ठरवून आलो होतो. जमलं नाही. "घरी चल," म्हणालो. "मी कधी अडवणार नाही. ओटीवर मांड, बाजारात मांड, मी तुझं कापड कापीन."

"आज म्हणताय. पावसाळ्यात हाताला काम नसेल, लोक हसतील, तेव्हा काय म्हणाल ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. खोटं सांगता आलं नाही.

"कोकिळा, मी समुद्रात गेलो होतो."

"सोनूबाईनं कळवलं." तिने टोपण परत बसवलं. "दोन दिवस माझ्या हातून टाका पडला नाही. पण कात्रीच्या भीतीनं गेले, आणि आता तुमच्या मरणाच्या भीतीनं परत येऊ? तिथं मी जगणार कशी?"

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू? घरातून निघाले तेव्हा मीही सोनूबाईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, आधी मचव्यात बस."

आत कुणीतरी खाकरलं. एक बाई लेकराला घेऊन माप द्यायला आली, मला वळसा घालून ओट्यावर चढली. कोकिळेने तिला आत पाठवलं. मशीन दोन्ही हातांनी उचललं. जड होतं, तरी मी पुढे झालो नाही. उंबरठ्यावर थांबून तिने मागे बघितलं.

"जेवलात का?"

रोह्याहून निघाल्यापासून पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

ती आत गेली. मी गाडीत येऊन बसलो. गाडीवानाने विचारलं, काम झालं का. मी हो म्हणालो.

मघापासून विचार करतो आहे, खोटं का बोललो. नाही म्हटलं असतं तर तिने पान वाढलं असतं. पानावर बसलो असतो, तर तिने उठवलं नसतं, आणि मीही उठलो नसतो.